एकाच ‘घेतलं’मध्ये तीन भांडणं

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीटला राहतो. लेकीच्या ऑसकिकमुळे (लहान मुलांचे फुटीचे वर्ग) घरात फुटीचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, नाद शिरला. आता आम्ही नऊ मराठी कुटुंबं मिळून वेस्टर्न बुलडॉग्जच्या स्त्रियांच्या टीमचे सामने बघायला त्यांच्या घरच्या मैदानावर, व्हिटन ओव्हलला जातो. डबे, छत्र्या, पोरं, सगळा लवाजमा असतो. आमचा व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. टीम जाहीर झाली की आमचे भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, सुरू होतात: ‘हिला का घेतलं, तिला का नाही घेतलं, सगळा वशिला आहे.’ गेल्या महिन्यात याच बोलण्यातून विषय ट्रान्स खेळाडूंवर गेला, कुणीतरी घाणेरडा विनोद टाकला आणि एका मैत्रिणीने एक अक्षर न बोलता ग्रुप सोडला. तिचं चौदा वर्षांचं मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी यांपैकी काहीच मानत नाही, हे आमच्यातल्या दोघीतिघींनाच माहीत आहे. त्यात माझी अकरा वर्षांची लेक विचारते, ‘मी मुलांबरोबर चांगली खेळते, मग मला मुलींच्या टीममध्ये का जायचं?’ ग्रुप बंद करून टाकू का? भाऊजींना काय सांगू? – टार्नीटची एक आई

ताई,

ग्रुप बंद करू नका. बंद केलात तर विनोद टाकणाऱ्याला वाटेल की आपल्यामुळे नाही, ‘त्या विषयामुळे’ बंद झाला, आणि गेलेल्या मैत्रिणीला वाटेल की आपल्यामुळे बंद झाला. दोन्ही चुकीचं.

पण भाऊजींकडे वळण्याआधी एक फोन करा. मेसेज नको, फोनच. मैत्रिणीला एवढंच सांगा: ‘तो विनोद आला तेव्हा मी गप्प बसले. ते चुकलं.’ पुढे ‘त्याच्या मनात तसं नव्हतं गं’ हे शेपूट लावू नका. त्या शेपटाने माफी तुमच्याकडून विनोदवाल्याकडे जाते. मुलाबद्दल आपणहून काही विचारू नका, डॉक्टर, औषधं, नाव बदललं का, काहीच नाही. ‘परत ये’ असा आग्रहही नको. आणि ती का गेली याचा खुलासा ग्रुपवर चुकूनही करू नका. आत्ता ते दोघीतिघींना माहीत आहे, खुलाशानंतर नऊ घरांना होईल, आणि ती गोष्ट सांगण्याचा हक्क त्या मुलाशिवाय कुणालाच नाही.

आता मूळ गुंत्याकडे. मराठीत आपण ‘टीममध्ये घेतलं’ हे एकच क्रियापद तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. या आठवड्याच्या एकवीस जणींत कोण, हा निवडीचा प्रश्न. या स्पर्धेत खेळण्याची परवानगी कुणाला, हा पात्रतेचा प्रश्न. आणि आलेल्या माणसाला इथं आपलं वाटतं का, हा तिसरा. पहिल्याचा निर्णय प्रशिक्षक घेतो, दुसऱ्याचा एएफएलची (फुटी चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) नियमावली आणि देशाचा कायदा, तिसरा मात्र तुमच्या नऊ कुटुंबांच्या हातात आहे. तुमच्या ग्रुपवर पहिल्यावरून सुरू झालेलं भांडण दुसऱ्यावर घसरलं आणि फटका तिसऱ्याला बसला.

भाऊजींचा प्रश्न पहिल्यातला, आणि तो हिशेबाने सुटतो. स्त्रियांच्या स्पर्धेत मैदानावर प्रत्येकी १६ खेळाडू असतात, पुरुषांत १८. बदली खेळाडू ५. म्हणजे सामन्याला २१. क्लबची पूर्ण यादी साधारण ३० जणींची. ऐकायला वाटतं की नऊ जणी हाताशी मोकळ्या आहेत. तशा त्या नसतात. समजा दोघींचा गुडघा गेला आहे. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला तो तिरपा बंध तुटला की परत यायला नऊ ते बारा महिने लागतात, आणि हंगाम आहे ऑगस्ट ते नोव्हेंबर. ऑक्टोबरमध्ये जखमी झालेली खेळाडू पुढच्या ऑगस्टला जेमतेम परतण्याच्या बेतात असते. तिसरी कन्कशनमधून बाहेर येते आहे. डोक्याला मार लागल्याचं निदान झालं की वरच्या स्तरावर किमान बारा दिवस सामना नाही, खेळाडू कितीही ‘बरी आहे’ म्हणाली तरी. चौथीचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, दुखावला आहे. उरल्या पाच. त्यातली एक रक, म्हणजे उंच उडी मारून चेंडू आपल्या बाजूला ढकलणारी. बाद झालेली खेळाडू गोलसमोरची चपळ छोटी फॉरवर्ड असेल तर तिच्या जागी रक उभी करता येत नाही. कबड्डीत डावा कोपरा दुखावला म्हणून तिथे चढाईपटू उभी करत नाहीत, तसंच. सगळी गाळणी लावल्यावर प्रशिक्षकाच्या हातात खरे पर्याय दोन किंवा तीन उरतात. वशिला लावायलाही जागा पुरत नाही.

म्हणून ग्रुपवर एक नियम करा. ‘हिला काढा’ म्हणणाऱ्याने त्याच मेसेजमध्ये तीन गोष्टी लिहायच्या: कुणाला घ्यायचं, ती तीच जागा खेळते का, आणि क्लबच्या या आठवड्याच्या दुखापतींच्या यादीत तिचं नाव आहे का. तीन नसतील तर मेसेजला उत्तर द्यायचं नाही. वाद घालायचा नाही, समजावायचं नाही, नुसतं उत्तर द्यायचं नाही. दोन आठवड्यांत भाऊजींचे मेसेज निम्मे होतील आणि उरलेले वाचण्यासारखे असतील.

टीमचा कागद वाचतानाही लोक फसतात. बॅक, हाफ-बॅक, सेंटर अशा ओळींत नावं येतात खरी, पण त्या जागा पुष्कळदा कागदापुरत्या असतात. हाफ-फॉरवर्डला लिहिलेली खेळाडू पहिल्या मिनिटापासून मधल्या फळीत दिसते. ‘इमर्जन्सी’ म्हणून दिलेली नावं ही वगळलेल्यांची यादी नाही. ऐनवेळी कुणी आजारी पडलं तर उभ्या राहणाऱ्या त्या. मध्यभागी चेंडू टाकताना मांडणी ५-६-५ अशी असते: पाच मागे, सहा मध्ये, पाच पुढे. पुरुषांच्या ६-६-६ च्या मानाने पुढची एक आणि मागची एक कमी. त्यामुळे स्त्रियांच्या खेळात एका उंच फॉरवर्डऐवजी दुसरी आणली तर पाचातली एक बदलते, म्हणजे पुढच्या फळीचा पाचवा हिस्सा. पुरुषांच्या सामन्यावरून अंदाज बांधणाऱ्यांचं इथं हमखास चुकतं.

आता आकडे. भाऊजी बहुधा डिस्पोझल मोजत असतील, म्हणजे किक आणि हँडबॉल (मुठीने ठोसून दिलेला चेंडू) मिळून किती वेळा चेंडू दिला. तो आकडा मधल्या फळीला न्याय देतो, गोलसमोरच्या छोट्या फॉरवर्डला नाही. तिचे सहाच डिस्पोझल असतील, पण पन्नास मीटरच्या कमानीच्या आत तिने पाच टॅकल केले असतील तर समोरच्या बॅकला चेंडू शांतपणे बाहेर काढताच आला नाही असा त्याचा अर्थ. तिच्यासाठी टॅकल आणि गोल बघा, बॅकसाठी तिने अडवलेल्या किक, रकसाठी तिने ढकललेला चेंडू आपल्या मुलींच्या हाती पडला का ते. आणि व्हिटन ओव्हलचा वारा विसरू नका. ते मैदान वाऱ्यासाठीच ओळखलं जातं. वाऱ्याविरुद्धच्या क्वार्टरमध्ये कुठल्याही फॉरवर्डचे आकडे पडतात. पावसाळी हवेत उंच झेल हातातून निसटतात, मग प्रशिक्षक उंच खेळाडू एक कमी करून जमिनीवरचा चेंडू उचलणारी घेतो. स्त्रियांच्या सामन्यात गुण कमी होतात, गोलला ६ आणि बिहाइंडला (गोलच्या बाजूच्या खांबांमधून गेलेल्या चेंडूला) १, तेव्हा दोन गोलांचा फरक पुष्कळ असतो आणि असे बारीक निर्णय सामना फिरवतात.

एक गोष्ट मात्र भाऊजींच्या बाजूने. वगळलेल्या खेळाडूला स्वतःला सिद्ध करायला जागा कमी आहे, हे खरं. पुरुषांत टीमबाहेर गेलेला त्याच आठवड्यात व्हीएफएल, म्हणजे खालची राज्य पातळीवरची स्पर्धा, खेळतो आणि प्रशिक्षकाला दाखवून देतो. स्त्रियांची मुख्य स्पर्धा २०२२ च्या उत्तरार्धात ऑगस्टवर सरकली, आणि व्हीएफएलडब्ल्यू, म्हणजे स्त्रियांची राज्य पातळीवरची स्पर्धा, चालते साधारण एप्रिल ते जुलै. म्हणजे ऑगस्टनंतर बाहेर बसलेल्या मुलीला सराव आणि सराव-सामने यावरच भागवावं लागतं. हंगामही छोटा, २०२५ मध्ये साखळीचे १२ सामने. तीन सामने बाहेर म्हणजे पाव हंगाम गेला. ‘तिला संधीच मिळत नाही’ ही तक्रार खेळाडूच्या बाजूने रास्त असते. ती निवडकर्त्यांच्या नव्हे, स्पर्धेच्या वेळापत्रकाच्या नावाने करायला हवी, इतकंच.

आणि वशिला म्हणाल तर एक उघड, छापील वशिला आहे: पितृ-कन्या नियम. वडील त्या क्लबकडून एक जरी वरिष्ठ सामना खेळले असतील तरी क्लबला मुलीवर अग्रहक्क मिळतो. पुरुषांत बापाचे १०० सामने लागतात. कार्लटन क्लबने २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत) ॲबी मॅके हिला या नियमाने पहिल्यांदा घेतलं. पण यातून मिळतं ते यादीतलं नाव. शनिवारच्या एकवीस जणींतली जागा वडील देऊ शकत नाहीत.

बुलडॉग्जच्या पाठीराख्यांना ‘का नाही घेतलं’ या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उदाहरण माहीत असायला हवं, ते निवडीचं नव्हतंच. २०१८ च्या अंतिम सामन्यात कर्णधार केटी ब्रेनन मैदानाबाहेर होती. आधीची एक ताकीद होती, त्यात टॅकलवरून दुसरी पडली आणि आपोआप एका सामन्याची बंदी आली. नेमका तो सामना अंतिम. एली ब्लॅकबर्नच्या नेतृत्वाखाली टीमने ब्रिस्बेनला सहा गुणांनी हरवून करंडक घेतला, पण ब्रेननने भेदभावाची तक्रार ऑस्ट्रेलियाच्या मानवाधिकार आयोगाकडे नेली. तिचं म्हणणं: याच चुकीला पुरुषांना दंड, मला बंदी. ती पंचांवर चिडली नाही, प्रतिस्पर्ध्यावर नाही. नियमाचं कलम दाखवून भांडली. ग्रुपवर भांडायचंच तर या पद्धतीने भांडा.

इथून पात्रतेकडे येऊ, कारण गाडी तिकडेच घसरली होती. या विषयावर बोलणाऱ्या बहुतेकांना हॅना मन्सीचं प्रकरण अर्धवट माहीत असतं. ही ट्रान्स स्त्री आधी हँडबॉल या वेगळ्याच खेळाची आंतरराष्ट्रीय खेळाडू. २०१७ मध्ये तिने एएफएलडब्ल्यूच्या, म्हणजे स्त्रियांच्या मुख्य स्पर्धेच्या, ड्राफ्टसाठी नाव दिलं आणि ऑक्टोबरमध्ये ड्राफ्टच्या आदल्या दिवशी एएफएलने तिला अपात्र ठरवलं. कारण दिलं ताकद, दम आणि शरीरयष्टी यांतल्या फरकाचं. हे शब्द कायद्यातून आलेले आहेत. मग २०१८ मध्ये तिला राज्य पातळीवर परवानगी मिळाली आणि ती व्हीएफएलडब्ल्यूमध्ये डेअरबिन क्लबकडून खेळली. वरच्या स्पर्धेसाठीचं लेखी धोरण आलं ते त्यानंतर, ऑगस्ट २०१८ मध्ये. त्यात दोन गोष्टी होत्या. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक सलग २४ महिने लिटरला ५ नॅनोमोल किंवा त्याखाली असावं, आणि त्या काळातली शारीरिक मोजमापं द्यावीत: उंची, वजन, बेंच प्रेस, स्क्वॉट, २० मीटर धाव, उभी उडी, २ किलोमीटर धाव, सामन्यातला जीपीएसचा तपशील. समितीने ती स्पर्धेतल्या इतर खेळाडूंच्या आकड्यांशी ताडून ठरवायचं. मन्सीने पुढच्याच महिन्यात आपण नाव देणार नसल्याचं सांगितलं.

यात आमचं मत स्पष्ट आहे. संपर्काच्या खेळात ताकदीचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न विचारणं गैर नाही, आणि ट्रान्स स्त्रीला खेळायचं असणं हेही गैर नाही. गैर होतं ते हे, की माणूस आधी तपासला आणि नियम नंतर लिहिला. आधी मोजपट्टी जाहीर करायची, मग उभं करायचं, एवढी साधी रीत चुकल्यामुळे एका बाईचं शरीर देशभर चघळलं गेलं. तुमच्या ग्रुपवरही तेच झालं, छोट्या प्रमाणात. नियम कुणी वाचला नव्हता आणि माणसाची चेष्टा मात्र सुरू झाली.

तेव्हा या विषयावर चर्चा बंद करू नका, तिला उंबरठा घाला. बोलायचं तर धोरणाचा मजकूर समोर ठेवून, त्यावरची तारीख बघून. ही धोरणं बदलतात. एएफएलडब्ल्यूचं बोलतोय की स्थानिक क्लबचं, हे पहिल्या वाक्यात सांगायचं. दोन्हींचे नियम वेगळे आहेत: स्थानिक फुटीसाठी एएफएलने २०२० मध्ये स्वतंत्र धोरण काढलं, आणि वर दिलेली रक्ताची नि बेंच प्रेसची मोजमापं वरच्या स्पर्धेची आहेत, टार्नीटच्या मैदानावरची नाहीत. कायद्याची बाजूही माहीत असू द्या. १९८४ च्या लिंगभेदविरोधी कायद्यात २०१३ पासून लिंगओळखीवरून भेदभाव करायलाही मनाई आहे. खेळात ताकद, दम, शरीरयष्टी महत्त्वाची असेल तिथे सूट मिळू शकते, पण बारा वर्षांखालच्या मुलांच्या खेळाला ती सूट लागूच नाही. आणि शेवटचा उंबरठा: ओळखीतल्या कुणाचंही, विशेषतः कुठल्याही मुलाचं उदाहरण द्यायचं नाही. नाव न घेता दिलं तरी नऊ घरांत ओळख लपत नाही.

पुन्हा तसला विनोद आला तर ॲडमिन म्हणून लगेच सगळ्यांसाठी पुसून टाका आणि खाली एकच ओळ लिहा: ‘हे इथं नको.’ कारण देत बसू नका, कारण दिलं की वादाला तोंड फुटतं. महिनाभरापूर्वीचा आता पुसता येणार नाही, पण ज्याने टाकला त्याला वेगळं गाठून सांगा. ते भाऊजीच असतील (तुम्ही लिहिलं नाहीत, आम्हाला शंका आली) तर हे काम तुमच्या नवऱ्याचं. वहिनीने दिराला सुनावलं की त्याचा घरगुती किस्सा होतो, मोठ्या भावाने सांगितलं की ती गोष्ट राहते. दुसरा ॲडमिनही नेमा, शक्यतो पुरुष, म्हणजे ‘बायकांना प्रत्येक गोष्ट लागते’ हे पालुपद ऐकावं लागणार नाही.

भाषेचं थोडं. मराठीत आपली पंचाईत होते, कारण क्रियापद लिंग उघडं करतं: आला, आली, आलं. कार्लटनचे डार्सी वेसिओ यांनी २०२१ मध्ये आपण नॉन-बायनरी, म्हणजे स्त्री किंवा पुरुष या दोन्ही चौकटींबाहेरचे, असल्याचं जाहीर केलं. २०१७ च्या पहिल्या हंगामात सर्वांत जास्त, १४ गोल त्यांनीच मारले होते. वरचं वाक्य पुन्हा वाचा: ‘त्यांनी १४ गोल मारले.’ क्रियापद गोलाप्रमाणे चाललं, लिंग आलंच नाही. मराठीचा आदरार्थी अनेकवचनी प्रयोग इथं फार कामाचा आहे. ‘डार्सी खेळतात’, ‘डार्सी मैदानावर आहेत’, ‘डार्सींना चेंडू मिळाला’, सगळं चालतं. अडचण मुख्यतः ‘आले’ की ‘आल्या’ अशा अकर्मक भूतकाळात येते, आणि तशीच ‘कार्लटनचे’ की ‘कार्लटनच्या’ इथेही. (वर आम्हीही ‘कार्लटनचे’ लिहून गेलोच. ‘कार्लटनकडून खेळणाऱ्या डार्सींनी’ असं लिहिलं असतं तर तेही टळलं असतं.) ‘आले’च्या ऐवजी ‘डार्सींनी मैदानात पाऊल ठेवलं’ म्हणा. मैत्रिणीच्या मुलासाठी तर ‘मूल’ हा नपुंसकलिंगी शब्द तुम्ही पत्रात आपसूकच वापरलात. पण चौदा वर्षांच्या पोराला सारखं ‘ते मूल’ म्हटलेलं आवडेलच असं नाही. त्या मुलाने स्वतःसाठी ‘मी गेलो’ म्हटलं की ‘मी गेले’, तिकडे कान द्या आणि तेच रूप वापरा. आणि ट्रान्स व्यक्तीला सरसकट ‘तृतीयपंथी’ म्हणू नका, तो शब्द एका वेगळ्या समाजजीवनाशी जोडलेला आहे. ट्रान्स स्त्री, ट्रान्स पुरुष किंवा पारलिंगी म्हणा.

फोटोंचाही एक नियम करा. मार्च २०१९ मध्ये तुमच्याच व्हिटन ओव्हलवर, बुलडॉग्जविरुद्ध किक मारताना कार्लटनच्या टेला हॅरिसचा फोटो निघाला आणि त्याखाली इतक्या घाण प्रतिक्रिया आल्या की तो लावणाऱ्या सेव्हन या टीव्ही वाहिनीने आधी फोटोच काढून टाकला, मग टीका झाल्यावर परत लावला. त्याच वर्षी त्या किकचा पुतळा फेडरेशन स्क्वेअरमध्ये उभा राहिला. खेळाडूच्या शरीरावर शेरा आला की फोटो ठेवा, शेरा पुसा.

सामावून घेणं दर वेळी सोपं असतं असंही नाही. जानेवारी २०२२ मध्ये जीडब्ल्यूएस क्लबची हनीन झ्रेइका, स्पर्धेतली पहिली मुस्लिम स्त्री खेळाडू, धार्मिक कारणाने इंद्रधनुषी जर्सी न घालता प्राइड फेरीच्या (समलिंगी, ट्रान्स आदी समाजाच्या सन्मानार्थ खेळल्या जाणाऱ्या फेरीच्या) सामन्यातून बाहेर राहिली. क्लबने तिचा निर्णय मान्य केला आणि जर्सी इतरांनी घातली. असा प्रसंग ग्रुपवर आला तर निकाल लावायच्या भानगडीत पडू नका. तिच्या टीममधल्या मुली तिच्याबरोबर पुढेही खेळल्या.

आता लेक. तिचा प्रश्न जुना आहे आणि न्यायालयासारख्या मंचावर लढला गेलेला आहे. तीन मुलींनी मेलबर्नमधल्या एका ज्युनिअर लीगविरुद्ध दाद मागितली होती, मुलांबरोबर खेळू देत नाहीत म्हणून. व्हिक्टोरियाच्या न्यायाधिकरणाने २००४ मध्ये निकाल दिला, त्यातून साधारण चौदापर्यंतच्या मुलींना मुलांबरोबर खेळण्याचा रस्ता मोकळा झाला. त्यातली पेनी कुला-रीड पुढे २०१७ च्या पहिल्या एएफएलडब्ल्यू हंगामात कॉलिंगवूडकडून खेळली. म्हणजे तुमच्या लेकीला ‘जावंच लागेल’ असं आज कुणी म्हणत असेल तर ते नियमाने नव्हे, मुलींच्या टीममध्ये संख्या कमी पडते म्हणून. क्लबची गरज खरी असते, पण ती गरज म्हणून सांगावी.

ठरवण्याआधी तिला दोन्हींकडे किमान दोन-दोन सरावांना पाठवा आणि चार गोष्टी बघा. सामन्यात तिला मध्ये किती वेळ मिळतो: मुलांच्या टीममध्ये चांगल्या मुलीलाही पुष्कळदा बॅक पॉकेटमध्ये, म्हणजे मागच्या कोपऱ्यात, उभं करतात आणि चेंडू तिकडे फिरकत नाही. तिला कपडे बदलायला वेगळी खोली आहे का: मिश्र टीममध्ये एकटी मुलगी घरूनच तयार होऊन येते आणि सामन्याआधीच्या बोलण्याला मुकते. मुलींच्या टीममध्ये उलटी खोट निघते. सगळ्यात चांगली म्हणून तिला चारही क्वार्टर चेंडूमागे पळवतात, ती पास द्यायला विसरते आणि बाकीच्या मुली बघत राहतात. तेव्हा प्रशिक्षकाला आधीच विचारा, तिला निदान एक क्वार्टर मागच्या फळीत खेळवणार का. चौथी गोष्ट, सराव कसा सुरू होतो. एएफएल आणि ला ट्रोब विद्यापीठाने मुली-स्त्रियांसाठी ‘प्रेप टू प्ले’ नावाचा वॉर्म-अप बांधला आहे: उडीनंतर गुडघा आत न वळवता उतरणं, दिशा बदलणं, टॅकलमध्ये पडणं. ज्या टीममध्ये तो दर सरावाला होतो तिला जास्त गुण द्या. एसीएलच्या दुखापती मुलींमध्ये जास्त होतात आणि सवय या वयात लागते. दुसऱ्या टीममध्ये जायचं ठरलं तर प्लेएचक्यू या वेबसाइटवरची खेळाडूची नोंदणी तुम्ही परस्पर बदलू नका, क्लबच्या सचिवाला विचारून करा. नाहीतर पहिल्याच सामन्याला तिचं नाव यादीत दिसत नाही. डोक्याला मार लागला तर स्थानिक फुटीत पुन्हा सामना खेळायला किमान २१ दिवस, हेही लक्षात असू द्या. वरच्या स्पर्धेतले बारा दिवस तिला लागू नाहीत.

आणि भाऊजी. पुढच्या घरच्या सामन्याला त्यांना एक काम द्या. एक खेळाडू निवडायची, जिला ते नेहमी ‘काढा’ म्हणतात तीच, आणि एक पूर्ण क्वार्टर चेंडूकडे न बघता फक्त तिच्याकडे बघायचं. ती किती वेळा धावत जाऊन जागा मोकळी करते, चेंडू आला नाही तरी किती वेळा परत मागे पळते, समोरच्या खेळाडूला किती वेळा घाईने किक मारायला लावते, ते कागदावर रेघा ओढून मोजायचं. दुसऱ्या क्वार्टरला वारा उलटा होईल, तेव्हा पुन्हा. हाफ-टाइमला डबे उघडाल तेव्हा तो कागद मागा.